ताऱ्यांमधली डाक आणि नाणेघाटाची वाट

1977 साली अमेरिकेतल्या गेम डिझायनर्स वर्कशॉप या कंपनीने ‘ट्रॅव्हलर’ नावाचा खेळ बाजारात आणला. मार्क मिलर हे त्याचे मुख्य कर्ते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो, एक जण रेफरी होतो आणि फासे, कागद-पेन्सिल व कल्पनाशक्ती यांच्या जोरावर ताऱ्यांमधल्या साम्राज्याची गोष्ट पुढे सरकते. अशा खेळांत तलवारी आणि लेझर बंदुका असतातच. ट्रॅव्हलर मात्र टिकला तो एका रुक्ष वाटणाऱ्या नियमामुळे. जहाजाने एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे उडी मारली की त्या उडीला सुमारे एक आठवडा लागतो, मग अंतर एक पार्सेक असो वा सहा. आणि त्या साम्राज्यात ताऱ्यापलीकडे निरोप पाठवायचा तर तो जहाजातूनच जातो. रेडिओलहर पुढच्या ताऱ्यापर्यंत पोहोचायला वर्षे घेईल. तेव्हा बातमी तिच्या वाहकापेक्षा पुढे धावत नाही.

या एका अटीतून काय काय निघते, हा खरा प्रश्न आहे. तो नुसता खेळाचा नाही, कारण तार येईपर्यंत जगातल्या जवळजवळ प्रत्येक राज्याने, प्रत्येक व्यापाऱ्याने हीच अट सोसली. तो तपासायला पुणे जिल्ह्यातले जुन्नर आणि आंबेगाव हे शेजारी तालुके फार सोयीचे आहेत. नाणेघाटाची प्राचीन व्यापारी वाट, आर्वीचे उपग्रह भूकेंद्र आणि खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण एकट्या जुन्नर तालुक्यात आहेत, आणि जाळे तुटले म्हणजे काय होते याचा दुखरा दाखला आंबेगावात.

आधी खेळातली व्यवस्था पाहू. साम्राज्याच्या स्काउट सेवेकडे ‘एक्स-बोट’ नावाची डाकनौका असते. शंभर टनांची नौका, आत एकच वैमानिक, एका उडीत चार पार्सेक म्हणजे सुमारे तेरा प्रकाशवर्षे. शंभरातले चाळीस टन नुसत्या इंधनाचे, तेही एका उडीपुरते. तिला उडी मारण्याचे यंत्र आहे, पण ताऱ्याच्या परिसरात इकडेतिकडे हिंडण्याचे इंजिनच नाही. उडी संपली की ती रिकाम्या टाकीने जागच्या जागी तरंगत राहते. तिथूनच ती आपला सगळा टपालसाठा रेडिओने ठाण्याकडे पाठवते, ठाणे तो पुढच्या, इंधन भरून तयार असलेल्या नौकेत भरते आणि ती लगेच उडते. दमलेल्या नौकेला उचलून आणायला दुसरे मोठे जहाज जाते. निरोप थांबत नाही, थांबते ती नौका.

आता हिशेब. शंभर पार्सेकचा पल्ला चार-चारच्या टप्प्यांनी पंचवीस उड्यांचा, म्हणजे पंचवीस आठवड्यांचा. निव्वळ जाण्याचेच अर्धे वर्ष. मधल्या चोवीस ठाण्यांवर प्रत्येकी एक दिवस मोडला तर आणखी साडेतीन आठवडे वाढतात. प्रत्येक ठाण्यावर त्याच नौकेला इंधन भरून, त्याच वैमानिकाला झोप देऊन पुढे पाठवायचे ठरवले, तर कितीही वेगवान यंत्र बसवा, अर्धा फायदा ठाण्यावरच गळून जाईल. डाकेचा वेग ठाण्यावर ठरतो, हे खेळाच्या कर्त्यांनी अचूक ओळखले.

यात नवे काही नाही. मंगोलांची घोडेचौकी याच तत्त्वावर चाले. अमेरिकेतली पोनी एक्सप्रेस एप्रिल 1860 मध्ये सुरू झाली. मिसुरीतल्या सेंट जोसेफपासून कॅलिफोर्नियातल्या सॅक्रमेंटोपर्यंतचे सुमारे तीन हजार किलोमीटर ती दहाएक दिवसांत कापी. स्वार दर पंधरा-वीस किलोमीटरवर घोडा बदलत असे. ऑक्टोबर 1861 मध्ये खंडपार तार जोडली गेली आणि दोन दिवसांत पोनी एक्सप्रेस बंद झाल्याचे जाहीर झाले. निरोप वाहकापासून सुटा झाला की डाकेच्या त्या रूपाचे आयुष्य किती उरते, ते या दोन दिवसांत दिसते.

नाणेघाट याहून कितीतरी जुना. कोकणातल्या कल्याण आणि सोपारा बंदरांवरून आलेला माल मुरबाडकडच्या वैशाखरे गावामागून चढत जुन्नरच्या पठारावर येई आणि पुढे पैठणकडे जाई. वाट कातळ फोडून काढलेली, वरच्या तोंडाशी दोन उभ्या भिंतींमधली चिंचोळी खिंड. चढताना ठिकठिकाणी खडकात कोरलेली पाण्याची टाकी लागतात. माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे, तो जकातीचा असे परंपरा सांगते. खिंडीच्या तोंडाशी खोदलेल्या लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञ, दक्षिणा, गायी, घोडे, कार्षापणे यांची त्यात मोजदाद आहे, आणि संख्या अंकचिन्हांत लिहिण्याचा तो भारतातल्या अगदी जुन्या पुराव्यांपैकी एक. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज वरची नावे आणि खाली तुटकी पावले तेवढी शिल्लक आहेत.

खेळाच्या भाषेत नाणेघाट म्हणजे पहिल्या प्रतीचे ठाणे. पाणी आहे, मुक्कामाची जागा आहे, वसुली आहे, आणि राजसत्तेने आपले नाव जाणाऱ्या-येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोरून ठेवले आहे. संरक्षणाची सोय शेजारी: खिंडीला लागूनच जीवधन, मग चावंड, हडसर आणि जुन्नरच्या डोक्यावर शिवनेरी. ठाणे चालवण्याचा खर्च कोणी उचलायचा, याचे उत्तरही जुन्नर परिसरातल्या लेण्यांतच सापडते. तिथल्या शिलालेखांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, काशाची भांडी घडवणारे यांच्या श्रेणींची नावे येतात. एका धान्यिक श्रेणीने लेणे आणि टाके दान दिल्याची नोंद आहे. यवन दात्यांची नावेही आहेत. वाटेचा फायदा ज्यांना होतो त्यांनी वाटेवरची सोय उभारायची, असा हा व्यवहार असावा. ट्रॅव्हलरमध्ये ठाण्यांचा सगळा खर्च साम्राज्य करते. या बाबतीत जुन्नरची व्यवस्था खेळापेक्षा अधिक गुंतागुंतीची आणि म्हणून अधिक पटणारी आहे. एखाद्या रेफरीने व्यापारी श्रेणीने चालवलेले, तिच्याच नियमांनी चालणारे डाकठाणे आपल्या नकाशावर घेतले, तर गोष्टीला कितीतरी नवे धागे मिळतील.

वेगाची कल्पना यावी म्हणून ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथातला आकडा घ्या. भडोचपासून दक्षिणेला पैठण वीस दिवसांवर आणि तिथून पूर्वेला तेर आणखी दहा दिवसांवर. अंतर दिवसांत मोजणे ही जुन्या व्यापाराची रीत. ट्रॅव्हलरचे खेळाडूही अंतर आठवड्यांतच मोजतात, कारण अशा जगात किलोमीटरने काहीच कळत नाही.

मराठेशाहीत ही व्यवस्था माणसांच्या पायांवर उभी होती. जासूद, हरकारे, कासीद ही त्यांची नावे. कासदाला अजुरा, म्हणजे त्या फेरीची मजुरी ठरवून पाठवत. पत्रांत ‘जासूदजोडी’ रवाना केल्याचे उल्लेख वारंवार येतात. वाटेत एक आजारी पडला, पकडला गेला, नदीला पूर आला, तर दुसऱ्याने पुढे जायचे. ट्रॅव्हलरच्या नौकेत वैमानिक एकच असतो. मराठी कारभाऱ्यांनी असला धोका पत्करला नसता.

या काळातली सर्वांत प्रसिद्ध बातमी पानिपतची. 14 जानेवारी 1761 ला लढाई झाली. उत्तरेच्या वाटेवर असलेल्या नानासाहेब पेशव्यांना तिचा पहिला सुगावा एका सावकाराच्या पत्रातून लागला, असे सांगितले जाते. मोती, मोहरा, रुपे अशा सांकेतिक भाषेत त्यात माणसांच्या हानीचा हिशेब मांडलेला होता. भावनेपलीकडे जाऊन पाहिले तर यात डाकव्यवस्थेचा एक नियम दडलेला आहे. राज्याची डाक सैन्याबरोबर उधळली गेली होती, सावकाराची चालू होती. सावकाराची हुंडी दाखवताच वटणारी दर्शनी असो वा ठरल्या मुदतीनंतर वटणारी मुदती, एका शहरातला भाव दुसऱ्या शहरात चार दिवस आधी कळण्यावर त्याचा सारा धंदा. उशिराने ज्याचे पैसे बुडतात, तो आपली डाक सर्वांत चोख ठेवतो. ताऱ्यांमधल्या साम्राज्यातही सरकारी एक्स-बोटीच्या आधी बातमी कोणाच्या हाती पडेल, असा प्रश्न पडला तर उत्तर बहुधा पेढीवाल्यांच्या, असेच द्यावे लागेल.

बातमीला उशीर लागतो म्हणून सत्तेचेही रूप बदलते, आणि या साऱ्या विषयातली सर्वांत मोठी गोष्ट हीच. 24 डिसेंबर 1814 ला गेंट इथे ब्रिटन आणि अमेरिकेच्या प्रतिनिधींनी युद्ध संपवणाऱ्या तहावर सह्या केल्या. ती खबर अटलांटिक ओलांडण्याआधीच, 8 जानेवारी 1815 ला, न्यू ऑर्लीन्सची लढाई होऊन माणसे मेली. दूरच्या दरबाराचा हुकूम वेळेवर पोहोचणार नसेल तर काठावरच्या माणसाला निर्णयाचा अधिकार द्यावाच लागतो. ट्रॅव्हलरमध्ये म्हणूनच साम्राज्याचे सरदार आपापल्या ग्रहसमूहांवर जवळजवळ राजासारखे वागतात. सम्राटाला विचारायचे तर प्रश्न जायला सहा महिने आणि उत्तर यायला सहा.

याचा मराठी दाखला जिंजीचा. 1689 मध्ये छत्रपती राजाराम महाराज दक्षिणेत जिंजीला गेले आणि स्वराज्याची गादी शेकडो मैल दूर, मोगलांच्या वेढ्यात राहिली. महाराष्ट्रातला कारभार रामचंद्रपंत अमात्यांकडे ‘हुकूमतपनाह’ या पदाने सोपवला गेला. संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांच्यासारखे सेनापती प्रत्येक मोहिमेला जिंजीच्या आज्ञेची वाट पाहत बसले असते, तर औरंगजेबाचे काम सोपे झाले असते. अधिकार टोकाला दिला म्हणून राज्य तगले. त्याच अधिकारातून पुढे वतनांचे आणि सरदारांच्या स्वायत्ततेचे प्रश्नही उभे राहिले. रोलप्लेइंग गेमला यापेक्षा चांगले कथाबीज शोधूनही मिळणार नाही, आणि ते अजून कोणी पुरेसे वापरलेले दिसत नाही.

व्यापाराची बाजू अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी 1978 साली हाताळली. आंतरतारकीय व्यापाराच्या सिद्धांतावरचा त्यांचा निबंध 2010 मध्ये एका अर्थशास्त्रीय नियतकालिकात छापून आला. प्रकाशाच्या जवळपासच्या वेगाने जाणाऱ्या जहाजात काळ हळू चालतो, मग वाटेतल्या मालावरचे व्याज कोणत्या घड्याळाने मोजायचे? क्रुगमन यांचे उत्तर: ग्रहावरच्या. सावकाराचे पैसे ग्रहावर अडकलेले असतात, जहाजातल्या खलाशाचे वय किती वाढले याच्याशी व्याजाचा संबंध नाही. मुदती हुंडीवर व्याज कापणाऱ्या पेढीला हे समजावून सांगावे लागले नसते.

जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावच्या टोमॅटो बाजाराकडे पाहिले की बातमी आणि माल यांचे नाते उघड दिसते. क्रेटमध्ये भरलेला माल रातोरात मुंबईकडे किंवा परराज्यात निघतो. फोन नव्हते तेव्हा शेतकऱ्याने गाडी भरून पाठवायची, आणि काय भाव मिळाला ते आडत्याची हिशेबाची पट्टी हातात आल्यावर कळायचे. आज वाशीच्या बाजारातला भाव माल तोडण्याआधीच मोबाईलवर दिसतो. ट्रॅव्हलरमध्ये व्यापारी जहाज नव्या ग्रहावर उतरले की मालाला काय किंमत येईल ते रेफरी दोन फासे टाकून ठरवतो. खेळाडूंना हे लहरी वाटते. पण मालाआधी बातमी पोहोचतच नसेल, तर फासे हेच त्या बाजाराचे खरे चित्र आहे. पट्टीची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याने ते अनुभवले आहे.

विज्ञानकथांनी या अडचणीतून वाटही काढली. उर्सुला ले ग्विन यांनी 1966 सालच्या ‘रोकॅनन्स वर्ल्ड’मध्ये ‘ॲन्सिबल’ नावाचे, कितीही अंतरावर तत्काळ निरोप पोहोचवणारे यंत्र आणले. पुढे अनेक लेखकांनी ते उचलले. कादंबरीत ते शोभते. खेळात मात्र ॲन्सिबल आले की काठावरच्या सरदाराची स्वायत्तता गेली, सावकाराचा फायदा गेला, डाकनौकेचा वैमानिक बेकार झाला. गोष्टी रंगवायच्या असतील तर उशीर हवाच.

वास्तवातल्या माणसाकडे ॲन्सिबल नाही, पण प्रकाशाचा वेग आहे, आणि तो वापरणारी केंद्रेही जुन्नर तालुक्यातच आली. 1971 साली नारायणगावजवळ आर्वी इथे देशातले पहिले व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. परदेशाशी बोलणे समुद्रापलीकडच्या बेभरवशाच्या लघुलहरींवर न सोडता सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहामार्फत होऊ लागले. वर जाऊन खाली यायला पाव सेकंद. पृथ्वीपुरता निरोपाचा उशीर इथे जवळजवळ संपला.

पृथ्वीबाहेर पाऊल टाकताच उशीर परत येतो. खोडदला राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यातल्या चौदा मध्यभागी, बाकीच्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन बाहूंवर, सुमारे पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात, आजूबाजूच्या गावांच्या शेतांमध्ये. जवळ जाऊन पाहिले तर तबकडीला भरीव पत्रा नाही, पोलादी तारांची विरळ जाळी आहे. तिच्यातून वारा पार होतो, ऊन खाली शेतात पडते, आणि मीटरभर लांबीच्या रेडिओलहरी मात्र परावर्तित होतात. याच रचनेमुळे इतकी मोठी दुर्बीण कमी खर्चात झाली.

19 ऑक्टोबर 2016 ला या दुर्बिणीने वेगळेच काम केले. युरोपीय अवकाश संस्थेचे शियापरेली यान मंगळावर उतरत होते आणि त्याचा क्षीण रेडिओ संकेत खोडदच्या तबकड्या थेट ऐकत होत्या. मंगळ त्या दिवशी सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवर होता, म्हणजे प्रत्येक संकेत जवळपास दहा मिनिटे जुना. यान उतरण्याच्या अपेक्षित वेळेच्या थोडे आधी संकेत तुटला. यान कोसळले होते. खोडदमध्ये संकेत ऐकू येत होता तेव्हा मंगळावर सारे काही होऊन गेले होते. पृथ्वीवरून कोणी हुकूम सोडून ते वाचवू शकत नव्हते, म्हणून उतरण्याचे सगळे निर्णय यानातल्या संगणकावरच सोपवलेले होते. जिंजीच्या काळातला प्रश्न अवकाशयानालाही सुटलेला नाही, आणि उत्तरही तेच काढले गेले.

ट्रॅव्हलरच्याच वर्षी, सप्टेंबर 1977 मध्ये, पृथ्वी सोडलेल्या व्हॉयेजर-1 यानाकडे निरोप जायला आता जवळपास पूर्ण दिवस लागतो. अशा अंतरांसाठी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इंटरनेटच्या कर्त्यांपैकी एक व्हिंट सर्फ आणि नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतल्या अभियंत्यांनी ग्रहांमधल्या इंटरनेटचा विचार सुरू केला. नेहमीच्या इंटरनेटला दोन टोके एकाच वेळी जोडलेली लागतात. नव्या पद्धतीत प्रत्येक टप्प्याने निरोपाचे गाठोडे स्वतःजवळ सांभाळायचे आणि पुढचा टप्पा नजरेत आला की त्याच्या स्वाधीन करायचे. पुढच्याने ताबा घेतल्याशिवाय जबाबदारी सुटत नाही. एक्स-बोटीचे ठाणे, कासदाची चौकी आणि मंगळाभोवती फिरणारा उपग्रह इथे एकाच कामाला लागतात.

आणि जाळे तुटते तेव्हा? आंबेगाव तालुक्यातल्या डिंभे धरणाच्या वरच्या डोंगराळ भागात माळीण हे गाव होते. 30 जुलै 2014 च्या पहाटे मुसळधार पावसात डोंगर खचला आणि गावाचा मोठा भाग मातीखाली गेला. दीडशेहून अधिक माणसे गेली. उपग्रह होते, मोबाईल होते, आर्वी आणि खोडद शेजारच्याच तालुक्यात होते. तरी बाहेरच्या जगाला पहिली खबर मिळाली ती त्या रस्त्याने गेलेल्या एसटीच्या चालकाकडून. नेहमी दिसणारे गाव जागेवर नाही हे त्याने पाहिले आणि यंत्रणेला कळवले. एकविसाव्या शतकात, पुण्यासारख्या शहराच्या जिल्ह्यात, बातमी पुन्हा एकदा वाहनाच्या वेगाने आली.

डाकजाळ्याचा विचार करणाऱ्याने, मग तो खेळाचा असो वा खऱ्या अवकाशमोहिमेचा, मुख्य मार्गावरच्या ठाण्यांइतकेच आडमार्गावरच्या शेवटच्या गावाकडे लक्ष द्यायला हवे. खेळाच्या कर्त्यांनी ते काही प्रमाणात दिले आहे. एक्स-बोटी फक्त मोठ्या ग्रहांना जोडतात. आडबाजूच्या ग्रहांसाठी सरकारी अनुदानावर चालणारी व्यापारी जहाजे आहेत. जहाजाने पाच टन जागा कायमची टपालासाठी राखायची, जहाजावर शस्त्र आणि ते चालवणारा तोफची ठेवायचा, आणि दर फेरीला पंचवीस हजार क्रेडिट घ्यायचे. बहुतेक खेळाडू या नियमाकडे उत्पन्नाची एक ओळ म्हणून पाहतात. त्या ग्रहावरच्या लोकांच्या बाजूने पाहिले तर हे जहाज चुकले की महिना-महिना जग बंद.

सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्या-वस्त्यांना हे काम मुक्कामी एसटीने करून दिले. संध्याकाळी तालुक्याहून निघायची, अंधार पडता शेवटच्या गावात थांबायची, चालक-वाहक तिथेच झोपायचे, आणि उजाडता तीच गाडी शाळेची पोरे, दुधाच्या किटल्या, दवाखान्याला निघालेली माणसे आणि कोणाकोणाचे निरोप घेऊन परत यायची. तिच्या फेऱ्या प्रवासीसंख्येच्या हिशेबात बसत नाहीत म्हणून तोट्यात दाखवल्या जातात. त्या हिशेबात टपालासाठी राखलेल्या पाच टनांचा रकाना धरायला हवा, आणि त्या रकान्याचे पैसे सरकारने द्यायला हवेत.